पाठ मिटते तो आठवडा

आमच्या घरात पहिली ट्रंक आली ती माझ्यासाठी. पत्र्याची, हिरव्या रंगाची, झाकणावर गुलाबाचं फूल काढलेली. तोपर्यंत घरातलं सगळं टोपल्यांत, मडक्यांत आणि आढ्याला टांगलेल्या शिंकाळ्यांत मावत असे. ट्रंकेची गरज का पडली, तर आईला वाटत होतं की टोपलीतून कपडे नेले तर त्यांना सुक्या मासळीचा वास लागेल आणि मुंबईची पोरं नाक धरतील. वास ट्रंकेतही लागला. पत्र्याला कुठून फट होती कोण जाणे. वसतिगृहात मी झाकण उघडलं की आमचं अंगण बाहेर यायचं, आणि मी घाईघाईने झाकण लावायचो. ही गोष्ट लिहितानाही मला थोडी लाज वाटते. त्या वासाची नव्हे, झाकण लावण्याची.

किहीम आणि मांडवा यांच्या मधे, माडांच्या रांगेपलीकडे आमची कोळ्यांची वाडी होती. घराचं तोंड समुद्राकडे. दारापुढे बांबूंच्या उभ्या-आडव्या वलांड्या, आणि त्यांवर जबड्यात जबडा अडकवून लटकवलेले बोंबील. ओले असताना ते नुसते डोलत, पण दोन दिवस ऊन खाल्लं की वाऱ्याबरोबर एकमेकांवर आपटून कागदासारखे वाजत. तो आवाज दिवसभर असे. बाबा होडीवर, दादा होडीवर, आई अलिबागच्या बाजारात पाटी घेऊन. घरात उरत ती वहिनी आणि मी. वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा होतो. तिचं नाव जाना, पण त्या नावाने तिला फक्त तिच्या माहेरची माणसं हाक मारत. ती शाळेत गेलेली नव्हती. मला मात्र पहिल्या दिवसापासून 'भावजी' आणि 'तुमी' म्हणायची, आणि मला ते फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

तिचा हात सुरीवर बसलेला होता. घोळ नावाचा मोठा मासा आमच्याकडे खारवून सुकवतात. तो पोटातून नाही, पाठीतून चिरायचा असतो. शेपटीपासून डोक्यापर्यंत कण्याला चिकटून सुरी एकदाच ओढायची, पोटाची कातडी अखंड राहिली पाहिजे, म्हणजे मासा पुस्तकासारखा उघडतो आणि त्यात मीठ भरता येतं. वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांनाही दोनदा-तीनदा सुरी ओढावी लागे. वहिनी एकदाच ओढायची, आणि ओढताना माझ्याशी बोलत असायची. "आज काय वाचलाव, भावजी?" घरात हा प्रश्न विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. बाबांना वाटे, मुलगा शिकतोय तर शिकू दे, नाही जमलं तर होडी आहेच. आईला वाटे, पुस्तकं वाचून डोळे जातात. वहिनी विचारायची, आणि उत्तर कळेपर्यंत विचारायची.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी मुंबईला जायला निघालो ते जेठ महिन्यात, पावसाआधीच्या शेवटच्या लाँचने. त्यानंतर समुद्र बंद होतो. नेमकी त्याच दिवशी सगळ्या वाडीने मिळून आमची होडी वर ओढायची होती, तिच्यावर झावळ्यांचं छप्पर चढवायचं होतं, त्यामुळे बाबांना आणि दादाला मान वर करायलाही सवड नव्हती. मांडवा आमच्याकडून किनाऱ्याकिनाऱ्याने दीड तासाची वाट. वहिनीने लुगड्याच्या चिंधीची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, आणि मला म्हणाली, "द्या उचलून."

मी म्हटलं, "मी घेतो की."

"तुमची मान कागदाची हाय. मोडंल, मंग परीक्षा कोन देईल?"

ट्रंक जड होती. त्या वर्षी मी जुनी पुस्तकं विकत घेतली होती, जीवशास्त्राची दोन तर विटेएवढी. मी एका बाजूने उचलून दिली. ती डोक्यावर बसताना वहिनीचे गुडघे किंचित वाकले, मग सरळ झाले. आम्ही ओल्या वाळूवरून चालत गेलो. वाटेत ती म्हणाली, "भावजी, यात पुस्तकं हायत का घोलीची डोकी?" आणि स्वतःच हसली. मी पुढे चालत होतो. माझ्या हातात छत्री आणि आईने बांधून दिलेल्या भाकऱ्या, एवढंच. धक्क्यावर तिने ट्रंक उतरवली तेव्हा तिच्या कपाळावर चुंबळीचा वळ उमटला होता. लाँच सुटेपर्यंत ती तिथेच उभी होती, एक हात डोक्यावर ठेवून.

तिला तेव्हा दिवस गेले होते. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी आम्हाला गर्भाची वाढ शिकवायला घेतली. सगळं इंग्रजीतून. मी शेवटच्या बाकावर बसत असे, आणि एखादा शब्द सुटला की तो पुन्हा विचारण्यापेक्षा आठवडाभर ग्रंथालयात शोधत असे. पण तो विषय मला लागला. प्रत्यक्ष कामाच्या तासाला कोंबडीची उबवत ठेवलेली अंडी असत, एखादं एक दिवसाचं, एखादं दीड दिवसाचं. कवच अलगद फोडायचं, बलकावरची ती रुपयाएवढी फिकट चकती कात्रीने गोल कापायची, आणि कोमट मिठाच्या पाण्यात सोडायची. मिठाच्या पाण्यात सोडायची हे ऐकून मला बरं वाटलं होतं. त्या सगळ्या काचसामानात ओळखीचं असं तेवढंच होतं. दीड दिवसाच्या अंड्यात भिंगाखाली एक ठिपका हलताना दिसला. तो हृदय होता. रक्त अजून लाल व्हायचं होतं, आणि तो आधीच हलत होता.

आमचे सर हळू बोलत. त्यांनी सांगितलं, की प्रत्येक प्राणी सुरुवातीला एक चपटी चकती असतो. तिच्या मधोमध एक रेघ उमटते, वरच्या पेशी त्या रेघेतून आत सरकतात, आणि एका पापुद्र्याचे तीन होतात. वरच्याला एक्टोडर्म म्हणायचं, मधल्याला मेसोडर्म, आतल्याला एण्डोडर्म. आतल्यापासून आतडी, यकृत, फुप्फुसांचं अस्तर. मधल्यापासून हाडं, स्नायू, रक्त, हृदय. आणि वरच्यापासून कातडी. इथवर मला सरळ वाटलं. मग ते म्हणाले, मेंदू आणि पाठीच्या कण्यातली मज्जाही त्याच वरच्या पापुद्र्यापासून होते. तो पापुद्रा पाठीवर दोन्ही बाजूंनी उचलला जातो, मधे पन्हळ पडते, मग दोन्ही काठ एकमेकांकडे झुकतात आणि मिटतात. पन्हळीची नळी होते, ती आत जाते, वरून कातडी बंद होते. म्हणजे आपण ज्याने विचार करतो आणि ज्याला ऊन लागतं, ते दोन्ही एकाच पापुद्र्याचं. त्या दिवशी वसतिगृहावर परत जाताना मी वाटभर स्वतःच्या मनगटाकडे बघत गेलो.

दिवाळीला घरी आलो तेव्हा वहिनीचं पोट दिसत होतं. चुलीपुढे ओल्या नारळाच्या करंज्या चालल्या होत्या. आई बाजारात होती. वहिनीने नेहमीसारखं विचारलं, "काय शिकवतान आता?" एरवी मी टाळलं असतं. दिवस गेलेल्या बाईसमोर असलं बोलायचं म्हणजे माझे कान तापले होते. पण तिचे हात करंज्यांत होते आणि डोळे माझ्याकडे होते. मी परातीतल्या पिठाच्या तीन पाऱ्या घेतल्या आणि पाटावर एकावर एक ठेवल्या. म्हटलं, "वयनी, हे बघ. ही खालची म्हणजे पोटातली आतडी. ही मधली म्हणजे हाडं नि रक्त. आणि ही वरची." वरच्या पारीचे काठ मी दोन्ही बाजूंनी उचलून दाखवले, पण माझ्या हातून ते नीट जुळेनात. तिने माझा हात बाजूला केला. दोन बोटांत काठ धरून मधोमध एक चिमटा काढला, मग तिथून वरच्या टोकाकडे आणि खालच्या टोकाकडे मुरड घालत नेली. अगदी तसंच असतं ते. माणसात मानेपाशी आधी मिटतं, तिथून वर डोक्याकडे आणि खाली कमरेकडे जातं. मी हे तिला सांगितलं नव्हतं. तिच्या बोटांना करंजी तशीच ठाऊक होती.

"आनि हितं सुटलं तर?" तिने खालच्या टोकाला बोट लावून विचारलं.

"कधी कधी सुटतं म्हणे. क्वचित."

"सुटलं तर सारान तेलात जातं," ती म्हणाली. मग हसून स्वतःच्या पोटाकडे बघत बोलली, "ऐकलंस का गो? नीट मिट."

ती तीन पाऱ्यांची रिकामी करंजी तिने तळली आणि मला खायला दिली. कडक झाली होती. मी खाल्ली.

ग्रहण झालं ते मार्गशीर्षाच्या पुनवेला. मी मुंबईत होतो, त्यामुळे हे सगळं मला नंतर कळलं. दिवस गेलेल्या बाईने ग्रहणात चिरू नये, कापू नये, शिवू नये, हात जोडून एका जागी बसावं, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. आईने सकाळीच बजावलं होतं. पण संध्याकाळी होडी लागली ती घोळीने भरून. एवढी मासळी त्या हंगामात आली नव्हती. मीठ लावलं नसतं तर सकाळपर्यंत सगळी गेली असती. वहिनीला वाटलं, चंद्र उगवायला वेळ आहे, तोवर चार मासे चिरून होतील. चंद्र उगवला तो खाल्लेलाच उगवला. माडांमागून वर येईपर्यंत कुणाला कळलंच नाही. आई बाजारातून परत आली तेव्हा वहिनी वाळूवर बसून एक मोठी घोळ पाठीतून उघडत होती.

माघात वाचनाची सुट्टी लागली आणि मी परीक्षेच्या तयारीसाठी घरी आलो. त्याच आठवड्यात वहिनी बाळंत झाली. सकाळची वेळ होती, मी ओट्यावर वही घेऊन बसलो होतो. आतून मूल रडल्याचा आवाज आला, चांगला मोठा, आणि मला हसू आलं. मूल रडत राहिलं, पण बायका गप्प झाल्या होत्या. थोड्या वेळाने सुईण बाहेर आली, माझ्याकडे न बघता हात धुतले आणि घरी गेली.

मुलगी होती. तोंड वहिनीसारखं, केस दाट. पालथी घातलेली. कंबरेच्या वर पाठीच्या मधोमध एक जागा होती, लांबट, ओली, लालसर, वर कांद्याच्या सालीसारखा पातळ पडदा. पाय हलत नव्हते. बाकी कुणी काय पाहिलं ते मला सांगता येणार नाही. मी माझ्या वहीतलं चित्र पाहिलं. तीच पन्हळ, तेच उघडे राहिलेले काठ. मी त्या चित्राखाली निळ्या पेन्सिलीने नावं लिहिली होती.

आईनेही एक चित्र ओळखलं होतं. ती दारातच खाली बसली आणि म्हणाली, "पाठीतनं चिरलीस, पाठीतनंच आलं." संध्याकाळपर्यंत वाडीभर तेच वाक्य होतं. आईवर आज मला राग धरता येत नाही. त्या मुलीच्या पाठीकडे आणि खारवायला उघडलेल्या घोळीकडे पाहिलं असतं, तर न शिकलेल्या कुणालाही तेच दिसलं असतं. दादाने मुलीला अलिबागला डॉक्टरांकडे नेलं, मी सोबत होतो. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी जखम स्वच्छ केली, औषध लावलं, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की घरी न्या, आईजवळ ठेवा. परतीच्या वाटेवर दादा मुलीच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून हात धरून बसला होता.

मला ठाऊक होतं की ग्रहणाने काही झालेलं नाही. ग्रहण लागलं तेव्हा सातवा महिना होता. ती पाठ मिटायची किंवा न मिटायची ते कितीतरी आधी ठरलं होतं, वहिनीलाही पोटात काही आहे हे कळायच्या आधी. माझ्याकडे पुस्तक होतं, वही होती, चित्र होतं. घरात एकट्या मलाच हे ठाऊक होतं. पण आईसमोर, वाडीतल्या बायकांसमोर, गर्भ आणि आठवडे असले शब्द तोंडातून काढायचे कसे? मी दोन दिवस शब्द जुळवत राहिलो. शेवटी ठरवलं की आधी वहिनीला सांगावं, म्हणजे तिचा जीव हलका होईल, मग आईला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई पाण्याला गेली होती. वहिनी मुलीला मांडीवर पालथी घेऊन बसली होती. मी दाराशी उभा राहिलो. मी काही बोलण्याआधी तीच म्हणाली, "भावजी, करंजीचं ते हेच ना? मिटायचं ऱ्हायलं ते?"

"व्हय," मी म्हटलं. "तेच. वयनी, ग्रहणानं नाही झालं हे. सुरीनं नाही. पुस्तकात स्पष्ट दिलंय. ते फार आधी मिटतं."

"कवा मिटतं?"

आणि मी उत्तर दिलं. मला उत्तर येत होतं. उत्तर येत असलं की मी नेहमी जरा लवकर बोलतो. "दिवस राहिल्यापासून चौथ्या आठवड्यात. तो आठवडा संपायच्या आत मिटलं तर मिटलं."

तिने मान खाली घातली. मला वाटलं ती रडते आहे. ती मोजत होती. आमच्याकडच्या बायका तारखेने मोजत नाहीत, पाण्याने मोजतात. पुनवेचं आणि अवसेचं उधाण, मधे अष्टमीची भांग, जेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार ओसरतही नाही. तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून हळूहळू फिरत होता. वैशाखातली भांग. अवसेचं उधाण. पुन्हा भांग. जेठातल्या पुनवेचं उधाण. मग अंगठा एका पेरावर थांबला.

"जेठातली भांग," ती म्हणाली. "होडी वर वढली तवा."

मला एका क्षणात ओली वाळू दिसली, आणि वाकून सरळ झालेले तिचे गुडघे.

"ट्रंक," ती म्हणाली. आरोप नव्हता त्यात. हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस तिचं नाव घेतो तसं तिने ते म्हटलं.

मी खूप बोललो. म्हटलं, ओझ्याने असं होत नाही. म्हटलं, वाडीतल्या सगळ्या बायका ओझी उचलतात. तिने शांतपणे विचारलं, "मंग कशानं झालं? काय लिवलंय पुस्तकात?" आणि पुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं. काठ मिटत नाहीत एवढं लिहिलं होतं, का मिटत नाहीत ते नव्हतं. मी खोटं सांगायला हवं होतं का, हे मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला विचारलं. मी म्हटलं, "ते कुणालाच ठाऊक नाही."

"मना हाय," ती म्हणाली. मग मुलीच्या पाठीवरचं फडकं सारखं करत म्हणाली, "आयला सांगू नका. तिला गिरानाचंच वाटू दे."

"का? मी आजच सांगणार आहे."

"सांगाल, मंग ती पन मोजंल. बोटं तिला पन हायत. मंग म्हनंल, पुस्तकांनी पोर नेली. तुमची ट्रंक समुद्रात जाईल नि तुमी होडीवर. गप ऱ्हावा, भावजी. माझं काय व्हायचं ते झालं."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे, कारण मी ते कधी विसरू शकलो नाही. आणि त्याहून विसरू शकलो नाही ते हे, की ते ऐकल्यावर माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. मला वाईट वाटलं, पण हलकंही वाटलं. परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुझा टाक दे. नि एक कागद." सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची असते. घरात लिहिण्याची वस्तू फक्त माझ्याकडे होती. इतकं सगळं बोलूनही आईने त्या मुलीची पाचवी नीट केली, पाटावर तांदूळ मांडले, दिवा लावला, माझं शाईचं पेन ठेवलं. कागद मी प्रयोगवहीतून फाडून दिला होता, चित्रं काढायची ती बाजू कोरी असते. सकाळी आईने तो कोराच कागद घडी करून मुलीच्या उशाखाली ठेवला. पेन मला परत दिलं. मुलगी नवव्या दिवशी गेली, बारशाच्या आधी, त्यामुळे तिला नाव नाही. दादाने माडांच्या रांगेत खड्डा केला. वहिनी दारात उभी होती. तिच्या चोळीवर दुधाचे दोन ओले डाग होते, आणि ते झाकायला तिला कुणी पदरसुद्धा पुढे ओढून दिला नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा मासळी आली. बायका वाळूवर बसल्या, आणि आईने वहिनीच्या हातातली सुरी काढून घेतली. ओरडून नाही. नुसती काढून घेतली आणि शेजारच्या सुनेला दिली. "ह्या हाताला आता सुरी नको," म्हणाली. "तू मीठ लाव." सगळ्या बायका खाली बघत होत्या. मी वलांडीपाशी उभा होतो. मी एक पाऊल पुढे टाकलं, तोंड उघडलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, इतकी थोडी की दुसऱ्या कुणाला दिसली नसती. मी थांबलो. बोंबील वाजत होते. वहिनी उठली आणि मिठाची टोपली घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी ट्रंक मी माझ्या डोक्यावर नेली. चारदा उतरवावी लागली. मान मोडली नाही.

परीक्षेत प्रश्न आला होता. कोंबडीच्या गर्भातील मज्जानलिकेची निर्मिती आकृत्यांसह स्पष्ट करा. मी त्याच पेनाने पाच पानं लिहिली. माझ्या आकृत्या सरांनी पुढच्या वर्षी मुलांना दाखवल्या असं मला कुणीतरी सांगितलं. त्या गुणांवर मी पुढे शिकलो, शिक्षक झालो, आणि निवृत्त होईपर्यंत दरवर्षी फळ्यावर ते तीन पापुद्रे काढले, तीन रंगांच्या खडूंनी. काठ मिटण्याच्या चित्रापाशी आलो की मी मुलांना सांगायचो, हे मिटलं नाही तर त्यात आईचा दोष नसतो, हे लिहून घ्या. मुलं लिहून घ्यायची. परीक्षेत विचारणार का, असं विचारायची.

वहिनीला पुढे सात वर्षांनी एक मुलगा झाला. ते सगळे महिने आईने तिला उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही. मुलगा धडधाकट निघाला, आणि सुरीचं खरं होतं हे आईच्या मनात पक्कं झालं. वाडीत कुणाची सून गरोदर असली की वहिनीला मासळीकडे बोलवत नसत. ती मीठ लावी, पाणी आणी, वलांड्या बांधी. आई गेल्यानंतर तिला सुरी घ्यायला कुणाची हरकत नव्हती. तिनेच घेतली नाही. मी सुट्टीत येई तेव्हा ती विचारायची, "आता काय वाचताव?" आणि मी काहीतरी सांगायचो. त्या दुपारबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही.

गेल्या वर्षी मी गावी गेलो होतो. आता मांडव्याला उतरलं की रिक्षा दारात आणून सोडते. वहिनीच्या नातवाची बायको पाच महिन्यांची गरोदर होती. तिने जेवण झाल्यावर एक छोटी पिवळी गोळी तोंडात टाकली. वहिनी ओट्यावर माठाची भाजी निवडत होती. तिने मला विचारलं, "ती गोली कशाची असते, भावजी? पैल्यापास्नं घेते."

मला ते ठाऊक होतं. मी ते वाचलं होतं त्या दिवशी मासिक मिटून कितीतरी वेळ बसून राहिलो होतो. हिरव्या पालेभाजीत, डाळीत असतं असं एक जीवनसत्त्व. ते कमी पडलं तर पाठ मिटायची राहू शकते, नेहमी नाही, पण राहू शकते. आमच्या खाऱ्या वाऱ्याच्या घरात भाजी क्वचित यायची, आणि आली तर बायका सगळ्यांच्या शेवटी जेवायच्या. म्हणून मी तिला ते सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, ती पुन्हा मोजायला बसेल.

"पाठ नीट मिटावी म्हणून असते," मी म्हटलं.

तिचे हात थांबले नाहीत. दोन-चार पानं निवडून झाल्यावर तिने विचारलं, "तवा नव्हती?"

"तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं."

"मंग ती ट्रंक?"

"ट्रंकेनं काही झालं नव्हतं, वयनी."

तिचा हात डोक्यावर गेला, जिथे चुंबळ ठेवतात तिथे, आणि थोडा वेळ तिथेच राहिला. "जड पन लई होती," ती म्हणाली. मग पुन्हा भाजी हातात घेत, "गिरानाचं मातुर तुमाना तवा पन म्हाईत होतं. गिरानानं न्हाय म्हून."

"हो. तेवढं ठाऊक होतं."

"व्हय. तेवढं होतं."

गप्प राहायला तिनेच सांगितलं होतं, हे ती म्हणाली नाही. मीही म्हटलं नाही.

अंगणात नातसून मासे घेऊन बसली होती. त्यात एक लहानशी घोळ होती. वहिनी भाजी सोडून खाली उतरली, तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "दे गो सुरी जरा." मासा पालथा घातला, शेपटीपाशी टोक टेकवलं, आणि एकदाच ओढली. कंबरेपर्यंत सरळ गेली. मग सुरी कण्यावरून घसरली आणि पोटातून बाहेर आली.

तिने मासा उलटून पाहिला.

"हात गेला माझा," ती म्हणाली, आणि सुरी त्या गरोदर पोरीच्या हातात परत दिली. "तूच कर. कन्याला धरून वढ. म्या बसते हितं."